तेल आणि पाणी यांचे का जमत नाही?

आपल्या जुन्नर-आंबेगाव भागात पाहुणा आला की मासवडीचा बेत होतो. रस्सा चुलीवरून उतरला की त्यावर लालभडक तर्री येते. डावाने ढवळली तर ती क्षणभर आत जाते. डाव थांबला की पुन्हा वर. ज्याला तर्री हवी त्याला घरची बाई वरवरचा रस्सा वाढते. ज्याला नको त्याला डाव खोल घालून तळाचा वाढते. हे तिला कोणी पुस्तकातून शिकवलेले नसते. तेल पाण्यात मिसळत नाही आणि वर येते, हे तिच्या हाताला ठाऊक असते.

पण का मिसळत नाही? साखर मिसळते, मीठ मिसळते, गूळ मिसळतो. मग तेलानेच पाण्याचे काय घोडे मारले आहे?

प्रश्न दिसायला लहान आहे. पण याचे उत्तर ज्याला कळले, त्याला दुधाचा योग्य भाव मागता येतो. त्याचा फवारणीचा पैसा वाया जात नाही. आणि घरात तेल पेटले तर त्याच्या हातून भलतेच काही होत नाही. म्हणून हा पाठ आम्ही मुद्दाम लिहीत आहोत. सावकाश वाचा. एका दिवसात संपला पाहिजे असे काही नाही.

हलके म्हणून?

पुष्कळजण सांगतात, "तेल हलकं, म्हणून ते पाण्यात मिसळत नाही." यातले अर्धेच खरे आहे.

एक लिटर पाणी तोलले तर 1 किलो भरते. एक लिटर गोडेतेल तोलले तर सुमारे 910 ते 920 ग्रॅम भरते. तेल हलके आहे, म्हणून ते वर राहते. देवापुढच्या नंदादीपात खाली पाणी आणि वर तेल घालतात ते याच कारणाने. वात वरचे तेल पिते. तेल संपून वात पाण्याला टेकली की दिवा विझतो.

पण वर राहणे वेगळे आणि न मिसळणे वेगळे. दवाखान्यात सुई टोचण्याआधी जे स्पिरिट लावतात, ते तेलापेक्षाही हलके असते. तरी ते पाण्यात पार मिसळून जाते. काकवी पाण्यापेक्षा जड. ती आधी तळाशी बसते, पण ढवळली की मिसळते. तेव्हा हलके-जड यावरून फक्त वर कोण आणि खाली कोण, एवढेच ठरते. मिसळायचे की नाही, हे दुसऱ्याच गोष्टीवर ठरते.

ती गोष्ट कोणती, ते आता पाहू.

पाण्याचा फेर

पाण्याचा एक थेंब घ्या. त्याचे लहान लहान भाग करत गेलो, तर शेवटी पाण्याचा अगदी बारीक कण उरेल. त्याहून लहान केला तर ते पाणी राहणार नाही. या कणाला शास्त्रात रेणू म्हणतात. एका थेंबात असे रेणू इतके असतात की मोजणाऱ्याचा जन्म सरेल, पण मोजणी सरणार नाही.

विजेरीचा सेल तुम्ही पाहिला आहे. त्याच्या एका टोकाला अधिकची खूण असते, दुसऱ्या टोकाला उण्याची. पाण्याच्या रेणूचेही थोडे तसेच आहे. त्याची एक बाजू किंचित अधिक, दुसरी किंचित उणी. एकाची अधिक बाजू दुसऱ्याच्या उण्या बाजूला ओढते. त्यामुळे पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असतात.

नागपंचमीला बाया फेर धरतात, तो डोळ्यांपुढे आणा. प्रत्येकीने शेजारणीचा हात धरलेला असतो. हात सुटतात, दुसरे हात धरले जातात, पण फेर चालू राहतो. पाणी म्हणजे असाच एक मोठा फेर आहे.

आता तेथे एक नवी बाई आली. तिचे हात मोकळे आहेत. ती पटकन फेरात शिरते. ही झाली साखर. साखरेच्या रेणूला पाण्याचा हात धरता येतो. मिठालाही येतो. म्हणून ती दोन्ही पाण्यात विरघळतात.

मग दुसरी बाई आली. तिच्या कडेवर मूल आणि दुसऱ्या हातात भरलेली कळशी. तिला फेर धरता येत नाही. फेरातल्या बायांचा तिच्यावर राग नाही. तिचाही कोणावर राग नाही. पण हात मोकळा नाही, म्हणून ती कडेला उभी राहते. अशा दहाजणी आल्या तर त्या दहाही कडेला एकत्र गोळा होतात. हे झाले तेल.

तेलाचा रेणू लांबट असतो. त्याच्या लांब शेपटांना अधिक-उणी अशी टोके जवळजवळ नसतातच. पाण्याला तेथे धरायला काही सापडत नाही. ढवळून ढवळून तेल आत घातले, तरी पाण्याचे रेणू आपले एकमेकांचे हात पुन्हा धरतात, आणि तेल आपोआप बाहेर पडते. तेलाचे थेंब एकमेकांना मिळतात, मोठे होतात आणि हलके म्हणून वर येतात.

तूप, लोणी, चरबी, मेण, रॉकेल आणि डिझेल या सगळ्यांची जात हीच. आपल्या डोंगरपट्ट्यात खुरासणी पिकते. कोणी तिला कारळे म्हणतात. तिचे तेल असो, शेंगदाण्याचे असो की करडईचे, नियम एकच.

ज्याचे पाण्याशी जमत नाही, त्याचे बहुधा तेलाशी जमते. मिरचीचा लाल रंग आणि तिखटपणा तेलात उतरतो. म्हणून तर्री लाल. आणि म्हणूनच तिखट लागले असता पाणी पिऊन आग थांबत नाही. दूध किंवा दही खावे. त्यातला स्निग्ध भाग तिखट उचलून नेतो.

वैर मात्र नाही

तेल-पाण्याचे वैर आहे असे लोक म्हणतात. ते खरे नाही. साचलेल्या पाण्यावर तेलाचा एक थेंब टाका. तो गोळा होऊन पळत नाही. उलट अंग टाकून पसरतो. गोडेतेलाच्या रेणूला एका बाजूला धरायची थोडी जागा असते. तेवढ्यावर तो पाण्याच्या पाठीला चिकटतो. आत मात्र शिरत नाही.

बेंजामिन फ्रँकलिन नावाचे अमेरिकेचे एक मोठे गृहस्थ होऊन गेले. त्यांनी इंग्लंडात लंडनजवळच्या क्लॅपहॅम येथील तळ्यावर चमचाभर तेल ओतले. ते पसरत पसरत सुमारे अर्धा एकर पाण्यावर गेले. अर्धा एकर म्हणजे वीस गुंठे! वाऱ्याने उठलेल्या बारीक लाटा तेवढ्या जागेपुरत्या शांत झाल्या. हा प्रयोग 1774 साली छापून आला.

चमचाभर तेलाने वीस गुंठे पाणी झाकते. विहिरीवर डिझेलचे इंजिन चालवणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. डिझेल थोडे सांडले तरी त्याचा तवंग विहिरीभर दिसतो, आणि ते पाणी पिण्याजोगे राहत नाही.

मध्यस्थ लागतो

दोन भावांचे जमेनासे झाले की आपण एखादा शहाणा माणूस मध्ये घालतो. तो दोघांचा असतो. तेल-पाण्यालाही असा मध्यस्थ आहे. त्याचे नाव साबण.

साबण तेलापासूनच होतो. तेल किंवा चरबी घेऊन त्यात तीव्र क्षार घालून तो बनवतात. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याचा हात धरते. दुसरे लांब शेपूट तेलात शिरते. फेराचीच गोष्ट पुढे नेऊ. एका बाईचा एक हात मोकळा आहे. त्या हाताने तिने फेर धरला, आणि दुसऱ्या हाताने कडेच्या बाईला धरून ठेवले. आता कडेची बाईही फेराबरोबर फिरू लागली.

खरकट्या ताटावरचे तूप नुसत्या पाण्याने जात नाही. साबण लावला की तुपाचे बारीक थेंब होतात, साबण त्यांना चहूबाजूंनी वेढतो आणि पाणी त्यांना वाहून नेते. आपल्या आज्या-पणज्या डोके शिकेकाईने धूत आणि भांडी राखेने घाशीत. शिकेकाईत आणि रिठ्यात साबणासारखाच फेस करणारा पदार्थ असतो. राखेत क्षार असतो. भांड्याच्या तेलाशी मिळून तो थोडासा साबणच तयार करतो. आज्यांना नाव ठाऊक नव्हते, काम ठाऊक होते.

याच खरकट्या पाण्याची एक गोष्ट सांगतो. जर्मनीत आग्नेस पोकेल्स नावाची एक बाई होती. तिचा जन्म 1862 सालचा. त्या काळी तिकडे मुलींना विद्यापीठात प्रवेश नव्हता. ती घरी राहून आईवडिलांची सेवा आणि स्वयंपाकघर सांभाळी. पाण्याच्या पाठीवर तेलकटपणा आला की काय काय बदलते, हे तिने पन्हाळीसारखे एक भांडे घेऊन घरातच मोजले. कित्येक वर्षे ती मोजत आणि लिहून ठेवत होती. मग 1891 साली तिने इंग्लंडातल्या रॅले या नामवंत शास्त्रज्ञांना पत्र लिहिले. त्यांनी ते पत्र 'नेचर' या शास्त्रविषयक नियतकालिकात छापवून आणले. पुढे 1932 साली तिला ब्राउनश्वाइग येथील विद्यापीठाने सन्मानाची पदवी दिली. वाचकहो, शाळा थांबली म्हणून डोळे आणि डोके थांबत नाही. आणि पाहिलेले लिहून ठेवता आले, तर ते दूरवर पोचते.

दुधातली मलई आणि दुधाचा भाव

दूध हे तेल-पाण्याच्या मिळवणीचे सगळ्यांत जवळचे उदाहरण. दुधात बहुतेक पाणीच असते. गाईच्या दुधात शंभरात साडेतीन ते चार भाग स्निग्ध असतो, म्हशीच्या दुधात सहा-सात भाग. यालाच डेअरीत फॅट म्हणतात. हा स्निग्ध भाग बारीक बारीक थेंबांच्या रूपात असतो. केसाच्या जाडीत वीसएक थेंब मावावेत इतके ते लहान. प्रत्येक थेंबाभोवती एक नाजूक पापुद्रा असतो. तोच येथला मध्यस्थ. त्यामुळे थेंब एकमेकांना मिळत नाहीत, आणि दूध पांढरे दिसते.

तरी थेंब हलकेच. दूध स्थिर राहिले की ते हळूहळू वर येतात. हीच मलई.

आता व्यवहाराकडे वळू. डेअरीत दुधाचा भाव फॅट आणि बाकीचा घन भाग पाहून ठरतो. संध्याकाळचे दूध रात्रभर किटलीत राहिले तर फॅट वर गोळा होते. न ढवळता वरून नमुना घेतला तर फॅट जास्त दिसेल. तळातून घेतला तर कमी दिसेल. दूध तेच, किटली तीच, पण पावतीवरचे पैसे वेगळे! म्हणून नमुना घेण्याआधी दूध वरून खाली, खालून वर असे नीट ढवळले पाहिजे. आपल्यासमोर ढवळायला सांगावे. यात भांडण काही नाही. जो खरे माप मागतो, तो डेअरीचेही नुकसान करत नाही.

फॅट मोजण्याची एक जुनी रीत स्वित्झर्लंडच्या गेर्बर या रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काढली. काचेच्या नळीत दूध आणि तीव्र गंधकाम्ल घालून नळी यंत्रात गरगर फिरवतात. अम्ल त्या पापुद्र्यांना जाळून टाकते. मध्यस्थ गेला! मग फॅट वेगळे होऊन नळीच्या बारीक मानेत जमते, आणि तेथल्या रेघांवर वाचता येते. आता बहुतेक ठिकाणी विजेवर चालणारी यंत्रे आली आहेत. पण यंत्र कोणतेही असो, नमुना सारखा नसेल तर उत्तर खरे येणार नाही.

घरी रवीने घुसळतो तेव्हाही पापुद्रेच फुटतात. उघडे पडलेले थेंब एकमेकांना चिकटतात आणि लोणी येते. पौषातल्या थंडीत थेंब कडक होतात, चिकटत नाहीत. म्हणून ताकात थोडे कोमट पाणी घालतात. वैशाखात लोणी फार मऊ होऊन विखुरते, तेव्हा गार पाणी घालतात.

लोण्यात शंभरात पंधरा ते वीस भाग पाणी अडकलेले असते. लोणी कढवताना जो तडतड आवाज येतो, तो या पाण्याचा. पाणी वाफ होऊन गेले की आवाज थांबतो, बेरी खाली बसते, तूप झाले. पाणी गेले म्हणून तूप टिकते. कुजवणाऱ्या जंतूंना पाणी लागतेच.

फवारणी करताना

नारायणगावच्या बाजारात टोमॅटो पाठवणारे शेतकरी पुष्कळ आहेत. द्राक्षे आणि कांदाही आपल्याकडे होतो. फवारणी सगळ्यांनाच करावी लागते.

निंबोळीचे कच्चे तेल नुसते पंपातल्या पाण्यात ओतले तर ते वर तरंगते. मग फवाऱ्यातून आधी नुसते पाणी येते आणि शेवटी नुसते तेल. पहिल्या ओळीला काही गुण नाही. शेवटच्या ओळीची पाने मात्र करपतात. म्हणून आधी थोड्या पाण्यात साबण विरघळवावा. त्यात तेल घालून दुधासारखे पांढरे होईतो घुसळावे. मगच ते पंपातल्या पाण्यात घालावे. फवारताना मधूनमधून हलवावे आणि केलेले मिश्रण त्याच दिवशी संपवावे.

ज्या औषधाच्या डब्यावर 'ई. सी.' अशी अक्षरे असतात, त्यात मध्यस्थ आधीच घातलेला असतो. म्हणून ते पाण्यात पडताच पांढरे होते. त्याचे प्रमाण डब्यावर लिहिलेले असते, तेवढेच घ्यावे. आता तुम्हाला वाचता येते, दुसऱ्याच्या सांगण्यावर राहू नका.

आणखी एक. अशी तेलकट औषधे अंगावर पडली तर नुसत्या पाण्याने जात नाहीत. आपल्या कातडीतही स्निग्ध अंश असतो. औषध तेथे चिकटते आणि आत शिरते. म्हणून हात, पाय, तोंड लगेच साबण लावून भरपूर पाण्याने धुवावे. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत, वेगळे धुवावे.

तेल पेटले तर पाणी नको

ही या पाठातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट.

कढईतले तेल फार तापले तर पेट घेते. माणूस घाबरतो आणि हाताला लागेल तो तांब्या ओततो. आग म्हणजे पाणी, हे आपल्या अंगात भिनलेले असते. पण येथे पाणी घात करते.

का, ते आता तुम्हीच सांगू शकाल. पाणी तेलात मिसळत नाही. ते जड, म्हणून सरळ तेलाच्या खाली जाते. तेथे तेल पाण्याच्या उकळीपेक्षा कितीतरी जास्त तापलेले असते. पाण्याची एका क्षणात वाफ होते. वाफेला पाण्याच्या सोळाशे पटींहून अधिक जागा लागते. ती वाफ वरचे जळते तेल उधळून देते. कढईतली आग छपराला आणि माणसाच्या अंगाला लागते. ओल्या भाजीने फोडणी तडतडते, तेही हेच. फक्त तेथे पाण्याचा थेंब असतो, येथे तांब्या.

मग काय करावे? गॅस बंद करता आला तर बंद करावा. कढईवर तिच्याहून मोठे झाकण किंवा परात बाजूने सरकवत ठेवावी. हवा बंद झाली की आग विझते. कढई उचलून बाहेर पळू नये. झाकण लगेच काढू नये, कढई पुरती निवू द्यावी.

जमिनीवर सांडलेले रॉकेल किंवा डिझेल पेटले, तर पाण्यावर तरंगत ते दूरवर आग नेते. तेथे माती किंवा वाळू टाकावी. गवत, लाकूड, कपडा पेटला तर मात्र पाणीच ओतावे.

हे घरातल्या लहानथोरांना वाचून दाखवा. ज्याला अजून वाचता येत नाही, त्याला तोंडी सांगा.

करून पहा

1. काचेच्या बाटलीत अर्धे पाणी आणि दोन चमचे गोडेतेल घाला. बूच लावून जोराने हलवा आणि ठेवून द्या. तेल वर यायला किती वेळ लागतो?

2. त्याच बाटलीत साबणाचे थोडे पाणी घाला आणि पुन्हा हलवा. आता किती वेळ लागतो? दोन्ही वेळा वहीत लिहा.

3. एका वाटीत तेल घ्या, दुसऱ्या वाटीत पाणी. दोन्हींत चिमूटभर मीठ टाकून ढवळा. मीठ कोठे विरघळले? का विरघळले? एका वाक्यात लिहा.